परीक्षेपूर्वीचा तास

माध्यमिक शालान्त परीक्षेचा अंमल केंद्रावर दिवसाकाठी दोन-तीन तासच चालत असला, तरी ज्या घरात दहावीचे मूल आहे त्या घरावर तो वर्षभर चालतो, हे महाराष्ट्रात कोणास पटवून देण्याचे कारण नाही. पाहुण्यांना मज्जाव होतो, दूरचित्रवाणी मुकी होते, आणि ‘घाबरू नकोस’ हे वाक्य जो तो इतक्या घाबऱ्या स्वरात उच्चारीत राहतो, की घाबरण्याजोगे काहीतरी खचितच आहे याविषयी मुलाच्या मनात शंका उरत नाही. या उपदेशाऐवजी काही शिकविता येते काय, हे पाहावे म्हणून, पूर्वपरीक्षेचे गुण हाती पडल्यानंतर, एका तालुक्याच्या गावातील मराठी शाळेत दहावीच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसून मी एक तास अनुभवला. तास समुपदेशक बाईंचा होता. वेळापत्रकात त्याची नोंद नव्हती, शारीरिक शिक्षणाच्या तासातून तो कसाबसा मागून घेतलेला होता.

बाईंनी आरंभी एकच प्रश्न टाकला: गणिताची प्रश्नपत्रिका हातात पडते, त्या क्षणी शरीरात पहिल्यांदा कुठे काय होते? अपेक्षेप्रमाणे हशा पिकला, पण तो ओसरताच ‘पोटात गोळा येतो, बाई’ असे एकाने म्हटले, दुसऱ्याने ओल्या तळहातातून पेन निसटते असे सांगितले, आणि खिडकीजवळची एक अबोल मुलगी म्हणाली, “उत्तर कुठल्या पानावर होतं ते दिसतं, पण त्या पानावरची अक्षरं दिसत नाहीत.” बाईंनी हे सारे, कशाचीही बरी-वाईट अशी प्रतवारी न लावता, फळ्यावर उतरवून घेतले.

परीक्षाभयाचे दोन घटक रॉबर्ट लीबर्ट आणि लॅरी मॉरिस या मानसशास्त्रज्ञांनी 1967 साली वेगळे करून दाखविले होते: एक शरीराचा क्षोभ आणि दुसरी मनात अखंड चाललेली चिंता. गुणांची हानी अधिक होते ती या दुसरीमुळे; कारण गणित सोडविताना मधल्या पायऱ्या ध्यानात धरून ठेवणारी जी तोकडी स्मरणशक्ती असते, तिचीच जागा ती अडवून बसते. म्हणून छातीची धडधड बंद करण्याच्या भरीस न पडता श्वास चार अंक मोजून घ्यावा, सहा मोजून सोडावा, आणि धडधड राहिलीच तर राहू द्यावी, एवढेच बाईंनी सांगितले.

मग कोरे कागद वाटले गेले. मनात येईल ती भीती दहा मिनिटे लिहायची. कागद कोणी वाचणार नाही. शिकागो विद्यापीठाच्या जेरार्दो रामिरेझ आणि सायन बायलॉक यांनी परीक्षेपूर्वी असे लिहून घेतले असता फार धास्तावलेल्या विद्यार्थ्यांचे गुण सुधारल्याचे 2011 साली प्रसिद्ध केले होते. त्या प्रयोगाचा प्रयोगशाळेतील भाग इतरांनी पुन्हा करून पाहिला तेव्हा मात्र तसा परिणाम आढळला नाही, हे 2018 साली प्रसिद्ध झाले. तेव्हा नुसत्या लिहिण्यास रामबाण मानण्याचे कारण नाही. माझ्या मते या तासाचे खरे मर्म लिहून झाल्यावर जे घडले त्यात होते.

फळ्याचे दोन भाग करून बाईंनी एकावर ‘आपल्या हातचे’ आणि दुसऱ्यावर ‘आपल्या हातचे नाही’ असे लिहिले, आणि ज्याची इच्छा असेल त्याने आपली एक ओळ वाचावी असे सांगितले. पेपर अवघड निघण्याची भीती बिनविरोध दुसऱ्या भागात गेली. ‘प्रमेयांच्या सिद्धता येत नाहीत’ ही पहिल्या भागात पडताच बाईंनी कोणाला येतात असे विचारले, आणि वर उठलेल्या हातांतून तिथल्या तिथे अभ्यासाच्या जोड्या लावून टाकल्या. पंचाईत झाली ती एका मुलाच्या ओळीने: ‘बाबा चारचौघांत ताईचे टक्के सांगतात.’ ही कोठे लिहावी, यावर वर्गात चांगलाच वाद माजला. अखेर बाबांचे बोलणे आपल्या हातचे नाही, परंतु त्यांना आपले म्हणणे सांगणे हातचे आहे, असा निवाडा झाला. आणि बाई स्वतः वडील होऊन खुर्चीत बसल्या. पहिल्या खेपेस मुलगा चिडला, दुसऱ्या खेपेस रडवेला झाला, तिसऱ्या खेपेस तो म्हणाला, “बाबा, तुम्ही ताईचं सांगता तेव्हा मला अभ्यासाला बसावंसंच वाटत नाही.” पालकसभेत तासभर भाषणे होतात, त्यांतून एवढे सुद्धा कधी निष्पन्न झाल्याचे मला आठवत नाही.

उरलेल्या वेळात परीक्षेची रंगीत तालीम झाली: बैठक क्रमांक लिहिणे, बारकोड चिकटविणे, येणारा प्रश्न आधी सोडविणे, 2023 पासून मिळणारी अखेरची दहा मिनिटे तपासणीसाठी राखणे, आणि बाहेर पडल्यावर फाटकापाशी उत्तरांचा ताळा न करणे.

तास संपल्यावर बाईंनी एका मुलाला अलगद थांबवून घेतले. तो वर्गात एकदाही हसला नव्हता, डबाही तसाच परत नेत होता. घाबरलेल्या मुलास सराव पुरतो, खचलेल्यास पुरत नाही, हा भेद त्या कटाक्षाने पाळतात. घरच्यांना बोलावतात, डॉक्टरांकडे धाडतात, आणि केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा 14416 हा निःशुल्क क्रमांक वहीत लिहून देतात.

तरीही बोर्ड तोंडावर आल्यावर हे सारे सुरू करणे म्हणजे उशीरच होय. आपली भीती ओळखणे, ती दुसऱ्यास सांगणे, शेजाऱ्याची मदत मागणे या गोष्टी अंगवळणी पडण्यास वर्षे लागतात. दिल्लीच्या सरकारी शाळांतून जुलै 2018 मध्ये आठवीपर्यंतच्या वर्गांसाठी याच धर्तीवर रोजचा एक तास सुरू करण्यात आला. त्याच्या गुणदोषांची चर्चा अवश्य व्हावी, पण वेळापत्रकात जागा निघत नाही ही सबब त्याने निकालात काढली आहे. आपल्या मुख्याध्यापकांना एवढीच विनंती, की पाचवीपासून आठवड्याचा एक तास जूनच्या वेळापत्रकातच या विषयाच्या नावे लिहावा, आणि फेब्रुवारीत गणिताच्या उजळणीसाठी तो काढून घेऊ नये.