रिटर्न दोन, रेशनकार्ड एक

नवरा-बायकोनं एकत्र रिटर्न भरलं की आरोग्य विम्यावर जास्त सवलत मिळते, असं वसई-विरारमध्ये छातीठोकपणे सांगणारे भेटतात. अमेरिकेत राहणाऱ्या भाच्याकडून हे ऐकलं असेल तर त्याचंही चूक नाही. तिथं सरकारी विमा-बाजारातून घेतलेल्या पॉलिसीच्या हप्त्याला करसवलतीची मदत हवी असेल, तर मोजके अपवाद सोडून जोडप्याला संयुक्त विवरणपत्रच भरावं लागतं. आपल्या आयकरात ती सोयच नाही. पॅन दोन, रिटर्न दोन.

आपली सवलत म्हणजे ८० डी. आयकर कायदा, २०२५ मध्ये कलमांचे आकडे बदलले, तरी लोकांच्या तोंडी हेच नाव आहे. पॉलिसी कुणाच्या नावावर आहे यापेक्षा हप्ता कुणाच्या खात्यातून गेला, हे इथं महत्त्वाचं. स्वतः, जोडीदार आणि अवलंबून असलेली मुलं मिळून मर्यादा २५,००० रुपये, त्यात कुणी साठीपुढचं असेल तर ५०,०००. हप्ता ४०,००० असेल आणि सगळा नवऱ्यानंच भरला, तर वरचे १५,००० वाया. कमावत्या बायकोनं आपला वाटा आपल्या खात्यातून भरला, तर तो तिच्या रिटर्नमध्ये धरता येतो. रोख भरलेला हप्ता मात्र धरत नाहीत.

सर्वांत जास्त घोळ सासू-सासऱ्यांपाशी होतो. आईवडिलांच्या हप्त्यासाठी वेगळी मर्यादा आहे, तीही २५,००० किंवा ५०,०००. पण ते स्वतःचे आईवडील. सुनेनं सासूचा हप्ता भरला तर तिला सूट नाही. तो मुलाच्या खात्यातूनच जायला हवा. उलट लग्न झालेल्या मुलीनं माहेरच्यांचा हप्ता भरला तर तिला पूर्ण हक्क आहे आणि ते तिच्यावर अवलंबून असण्याचीही अट नाही. हा हक्क बायका फार कमी वापरतात, असं मला वाटतं.

२५,००० ची सूट म्हणजे २५,००० वाचले, हाही भ्रमच. २० टक्क्यांच्या टप्प्यात उपकरासह वाचतात ५,२००. तेही जुनी करप्रणाली निवडली तरच. नव्या प्रणालीत ८० डी नाही. तिथं २०२५-२६ पासून बारा लाखांपर्यंतच्या साधारण उत्पन्नावर करच लागत नाही. नवऱ्यानं जुनी आणि बायकोनं नवी प्रणाली घेतली तरी चालतं.

‘रिटर्न भरलं की सरकारी आरोग्य योजना बंद’ हे तर निखालस खोटं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना १ जुलै २०२४ पासून पांढऱ्या कार्डासह सर्व रेशनकार्डधारकांना खुली आहे आणि कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचं संरक्षण देते. उपचार योजनेच्या यादीतले आणि रुग्णालय अंगीकृत असलं पाहिजे. कार्ड गावचं, म्हणजे रत्नागिरीचं किंवा साताऱ्याचं असलं तरी अडत नाही. अडतं ते नावावर. लग्नाला दहा वर्षं झाली तरी सुनेचं नाव माहेरच्याच कार्डावर, अशी घरं नालासोपाऱ्यात कमी नाहीत. ते तिथून कमी करून सासरच्या कार्डात चढवायचं काम दवाखान्याची वेळ येण्याआधी करावं.

सत्तरी ओलांडलेल्यांना २९ ऑक्टोबर २०२४ पासून पाच लाखांपर्यंतच्या उपचारांसाठी आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. उत्पन्नाची अट नाही. वालीवच्या गाळ्यात काम करणाऱ्या मुलाच्या ईएसआयसी विम्यात नाव असलं तरी हे कार्ड काढता येतं. फक्त आजी-आजोबा दोघंही सत्तरीपुढचे असले, तर पाच-पाच लाख वेगळे नाहीत. दोघांत मिळून पाच लाखच.