सुट्या भागांचा ट्रॅक्टर, नावापुरते दुकान

फोर्ड कंपनीच्या ‘८-एन’ या लहान ट्रॅक्टरचे उत्पादन १९४७ ते १९५२ या अवघ्या पाच-सहा वर्षांत पाच लाखांच्या पुढे गेले आणि ते थांबून सात दशके उलटली, तरी अमेरिकेच्या खेड्यांतून हे यंत्र आजही खोलले, धुतले आणि पुन्हा चालू केले जाते. मात्र त्याच काळातल्या पिढीच्या आठवणीत घर करून असलेले डोनटचे दुकान, म्हणजे यीस्टने फुगवलेल्या मैद्याची गोड कडी रात्रभर तळून पहाटे कॉफीबरोबर देणारे ठिकाण, अशा रीतीने पुन्हा उभे करता येत नाही. एक वस्तू टिकली आणि दुसरी नाहीशी झाली, याचे कारण दोहोंच्या घडणीत शोधावे लागते.

८-एनचा जन्म भांडणातून झाला. आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसनने अवजार ट्रॅक्टरमागे नुसते ओढत नेण्याऐवजी खाली दोन व वर एक अशा तीन दांड्यांनी जोडण्याची रचना सिद्ध केली होती. नांगर कठीण जमिनीत रुतू लागला की वरची दांडी पुढे रेटली जाते, तिच्यामागची स्प्रिंग दाबली जाते आणि हायड्रॉलिकची झडप उघडून नांगर आपोआप थोडा उचलला जातो. महाराष्ट्राच्या शिवारात ‘टॉप लिंक’ म्हणतात ती हीच दांडी. हेन्री फोर्डने १९३८ मध्ये केवळ हस्तांदोलनावर ही रचना स्वीकारली, पण नातवाच्या हाती कारभार गेल्यावर करार मोडला, रचना मात्र ८-एनमध्ये तशीच राहिली. परिणामी फर्ग्युसनने दावा लावला आणि १९५२ मध्ये साडेब्याण्णव लाख डॉलरवर तडजोड झाली.

दुरुस्ती करणाऱ्याला या इतिहासापेक्षा डिस्ट्रिब्यूटर, म्हणजे चारही स्पार्क प्लगना पाळीपाळीने वीज पोचवणारा भाग, अधिक महत्त्वाचा वाटतो. सुरुवातीच्या ८-एनमध्ये तो इंजिनाच्या तोंडाशी, पंख्यामागे, हात जेमतेम शिरेल अशा अडचणीत बसवलेला आहे. पण दोन बोल्ट काढले की तो अख्खा बाहेर येतो, टेबलावर ठेवून सीबी पॉइंट, म्हणजे विजेचा प्रवाह जोडणारी-तोडणारी टोके, यांमधील फट पातळ पट्ट्यांच्या फिलर गेजने पंधरा थाऊ, म्हणजे इंचाचे पंधरा हजारांश, इतकी लावता येते आणि परत बसवताना चूक होऊ नये म्हणून त्याच्या टोकाची जीभ मुद्दाम मध्यापासून किंचित बाजूला काढलेली असते, ती एकाच बाजूने खाचेत बसते. जबरदस्ती केली तर ती तुटते, एवढेच. बॅटरी सहा व्होल्टची असून तिचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असते, हे ठाऊक नसलेला आजचा मेकॅनिक हमखास फसतो. एकूणात हे यंत्र मालकाने स्वतः उघडावे या अपेक्षेनेच घडवलेले आहे, त्यामुळे मूळ कंपनीने हात काढून घेतल्यावरही इतरांनी त्याचे भाग बनवणे चालू ठेवले.

डोनटच्या दुकानाचीही कुळकथा भांडणाचीच आहे. विल्यम रोझेनबर्गने १९४८ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील क्विन्सी येथे दुकान काढले, १९५० मध्ये त्याचे नाव ‘डंकिन डोनट्स’ झाले. त्याचा मेहुणा व भागीदार हॅरी विनोकर पुढे वेगळा झाला आणि त्याने ‘मिस्टर डोनट’ सुरू केले. ही दुकाने फ्रँचायझी पद्धतीची होती, म्हणजे चालवणारा स्थानिक असला तरी नाव, पाकृती आणि पाटी कंपनीची, आणि ती वापरण्याचा परवाना ठरावीक अटींवर मिळालेला. दुकानाचा खरा ऐवज रात्रपाळीच्या भटाऱ्याच्या हातात होता: पीठ भिजवणे, ते फुगू देणे, कापणे, तळणे आणि गरम असतानाच साखरेच्या पाकाचा हात देणे हे सारे तिथेच होई, आणि पहाटे शेतावर किंवा कारखान्यात निघालेला माणूस काउंटरशी फिरत्या स्टुलावर बसून ते खाई. १९९० मध्ये डंकिनच्याच मालक कंपनीने, ब्रिटनच्या अलाइड-लायन्सने, मिस्टर डोनट विकत घेतले आणि बहुतेक अमेरिकी दुकानांवर डंकिनची पाटी चढली. पुढे अनेक ठिकाणी कढईही गेली आणि मध्यवर्ती भटारखान्यातून माल गाडीने येऊ लागला. ८-एनच्या मालकाकडे ट्रॅक्टर होता. दुकानदाराकडे होता तो बहुतांशी परवाना, आणि भटाऱ्याचा हात कुठल्याही कंपनीच्या सुट्या भागांच्या यादीत नव्हता.

‘मिस्टर डोनट’ हे नाव तेवढे जपानात जगले. दस्किन या कंपनीने १९७१ मध्ये ओसाकाजवळच्या मिनो येथे पहिले मिस्टर डोनट उघडले आणि तिथे ते घरोघरी ‘मिसुदो’ म्हणून ओळखले जाऊ लागले. अर्थात तिथला सर्वांत लाडका डोनट चिवट, आठ गोळ्यांच्या माळेसारखा असतो, आणि त्याचा मॅसॅच्युसेट्सच्या कढईशी फारसा संबंध उरलेला नाही.