गाडीले ऊन लागनं

मुंबई-आग्रा महामार्गाने धुळं सोडून शिरपूरकडे निघालं की तांब्या-पितळेच्या भांड्यांचं सोनगीर मागे पडतं आणि मग नरडाणा येतं. शिंदखेडा तालुक्यातलं गाव. सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरचं स्टेशन, आता एमआयडीसीही. पुढे तापी, मग शिरपूर, मग मध्य प्रदेशची हद्द. मे महिन्यात या पट्ट्यात पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो, त्याची इथे बातमीसुद्धा होत नाही.

अशाच एका मे महिन्यात मामांची प्रीमियर पद्मिनी नरडाण्याला बंद पडली. खरं तर चालताना बंद पडली नव्हती. धुळ्याहून व्यवस्थित आली, आम्ही चहाला थांबलो, आणि दहा मिनिटांनी मामांनी किल्ली फिरवली तर उठायचं नाव घेईना. सेल्फ खणखणीत, बॅटरी ठणठणीत, टाकीत पेट्रोल. मामांनी बॉनेट उघडलं आणि त्यांचा चेहरा पडला.

शेजारी सायकलींचे पंक्चर काढणारे एक बाबा बसले होते. त्यांनी वाकून पाहिलं, इंजिनाच्या अंगाला चिकटलेल्या मुठीएवढ्या डब्यावर बोट टेकवून झटकन मागे घेतलं आणि म्हणाले, “गाडीले ऊन लागनं, भो.” माठाखाली साचलेल्या पाण्यात त्यांनी एक जुनं धोतराचं फडकं भिजवलं, त्याच डब्यावर गुंडाळलं आणि परत जाऊन पंक्चर काढायला बसले. थोड्या वेळाने मामांनी सेल्फ मारला. गाडी सुरू!

मला तेव्हा ती जादू वाटली. कशी झाली ते कळल्यावर तर जास्तच वाटली.

तो मुठीएवढा डबा म्हणजे ‘एसी पंप’. पद्मिनीत गार हवेचं यंत्र नसायचं, तरी मेकॅनिक बिनदिक्कत म्हणायचा, “साहेब, तुमचा एसी गेलाय.” हा एसी म्हणजे आल्बेर शॅम्पियाँ. फ्रान्सचा सायकल शर्यतपटू, अमेरिकेत जाऊन स्पार्क प्लग बनवू लागला आणि त्याच्या नावाची आद्याक्षरं कंपनीला मिळाली. त्या कंपनीचे गाडीत बसणारे पंप इतके पसरले, की पंप कुणीही बनवलेला असो, आपल्याकडच्या गॅरेजांत तो एसी पंपच राहिला. त्याच्या शेजारचा डिस्ट्रिब्युटर म्हणजे ‘डेल्को’. चार्ल्स केटरिंगने 1909 मध्ये काढलेल्या डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनीचं हे लघुरूप. आपण ‘सेल्फ मारतो’ तो विजेवरचा सेल्फ-स्टार्टरही केटरिंगचाच, 1912 च्या कॅडिलॅकमध्ये आलेला. आणि डिकीत पडलेली स्टेपनी? वेल्समधल्या लानेली गावातल्या स्टेपनी रस्त्यावरून ते नाव आलं. खानदेशातला मेकॅनिक जुन्या गाडीखाली शिरला की अर्ध्या जगाचा पत्ता बोलतो.

पंपाचं काम सोपं. पद्मिनीची टाकी मागे, इंजिन पुढे. मधलं पेट्रोल ओढून कार्बोरेटरला द्यायचं. पंपात कापड भरलेल्या रबराचा एक पडदा असतो, डायफ्राम. इंजिनाच्या कॅमशाफ्टवरचा उंचवटा एक दांडी हलवतो, ती पडदा खाली ओढते, पेट्रोल आत येतं. मग स्प्रिंग पडदा वर ढकलते, पेट्रोल पुढे जातं. येण्याची आणि जाण्याची झडप वेगळी. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे मारत असेल तर ही दांडी सेकंदाला पंचवीस वेळा हलते. कार्बोरेटरची वाटी भरली की तिथली सुई पेट्रोलची वाट बंद करते. पेट्रोलला पुढे जायला जागा नाही, म्हणून पडदा खालीच थांबतो आणि दांडी नुसती हलत राहते. ना सेन्सर, ना कॉम्प्युटर. तरी इंजिनाला लागेल तेवढंच पेट्रोल पोचतं. आपल्या वाड्यातल्या हातपंपाचा हा शहाणा धाकटा भाऊ.

पण त्याला एक गोष्ट सोसत नाही, ती म्हणजे वाफ. पाणी समुद्रसपाटीला शंभर अंशांवर उकळतं. पेट्रोलचं तसं एकच तापमान नसतं, कारण ते अनेक द्रवांचं मिश्रण आहे. त्यातले हलके घटक पस्तीस-चाळीस अंशांच्या आसपासच उकळू लागतात, जड घटक दोनशेपर्यंत तग धरतात. म्हणजे खानदेशातल्या मे महिन्यात हलके घटक सावलीतसुद्धा उकळायला टेकलेले. त्यात टाकीपासून पंपापर्यंतची नळी ओढीखाली असते. ओढीने दाब कमी होतो आणि दाब कमी झाला की द्रव लवकर उकळतो. कुकरमध्ये होतं त्याच्या बरोबर उलट. शिवाय एक लिटर पेट्रोलमागे चौदा किलोमीटर धरले, तर साठच्या वेगाला मिनिटाला जेमतेम सत्तर मिलिलिटर पेट्रोल लागतं. अर्धं फुलपात्र. एवढीशी धार तापलेल्या नळीतून रमतगमत येते आणि वाटेतच तिची वाफ होते. द्रवाची वाफ झाली की ती सुमारे दोनशेपट जागा घेते. पडदा वरखाली होतो, पण पेट्रोल ढकलण्याऐवजी वाफ दाबतो आणि सोडतो. पाणी आटलेल्या विहिरीवरचा हातपंप, नुसता खटखट.

मग धुळ्यापासून न थांबणारी गाडी चहाला थांबल्यावरच का रुसली? मला सगळ्यात आवडलेला भाग हाच. गाडी चालते तेव्हा पंखा फिरतो, रेडिएटरचं पाणी फिरतं, समोरून वारा येतो, नळीतून ताजं पेट्रोल येत राहतं. किल्ली बंद केली की हे सगळं एकदम थांबतं. इंजिनाच्या लोखंडातली उष्णता मात्र थांबत नाही. ती बाहेर पडायला वाट शोधते आणि अंगाला चिकटलेल्या पंपात शिरते. म्हणून गाडी बंद केल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं बॉनेटखालचे भाग थंड होण्याऐवजी आणखी तापतात. मामांनी चहा अर्धा टाकून निघायचं ठरवलं असतं, तर कदाचित गाडी उठलीही असती.

आता ते फडकं. पाणी नुसतं गार असतं म्हणून पंप गार होतो, असा आपला समज. ते खरं काम नव्हे. खरं काम पाणी उडून जाताना करतं. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे 2,400 ज्यूल उष्णता लागते आणि ती ज्याच्यावर पाणी बसलंय त्याच्याकडून घेतली जाते. पंप अर्ध्या किलोचा धरा. हिशेबापुरतं बोलायचं तर चहाच्या एका चमच्याएवढं पाणी उडालं, की पंपातली सुमारे चाळीस अंशांची उष्णता सोबत घेऊन गेलं. चमचाभर! अर्थात इंजिन शेजारून उष्णता देतच राहतं, म्हणून फडकं पुन्हापुन्हा भिजवावं लागतं.

ओलं फडकं किती गार होऊ शकतं, ते हवेतल्या दमटपणावर ठरतं. मुंबईत मे महिन्यात 34 अंश तापमान आणि 65 टक्के आर्द्रता असेल, तर वाऱ्यावर टांगलेलं ओलं फडकं फार तर 28 अंशांपर्यंत उतरेल. नरडाण्यात 44 अंश आणि आर्द्रता 15 टक्के असेल, तर तेच फडकं 23 अंशांपर्यंत उतरतं. दहा अंशांनी जास्त तापलेल्या गावातलं फडकं मुंबईच्या फडक्यापेक्षा पाच अंशांनी गार! ज्या उन्हाने गाडी आजारी पाडली, त्याच कोरड्या उन्हात तिचं औषध आहे. माठातलं पाणी असंच गार होतं, डेझर्ट कूलर असाच चालतो, आणि ट्रकवाले बंपरला जाड कापडाची छागल टांगायचे ती याचसाठी. गाडी जितकी पळेल तितकं छागलीतलं पाणी गार. पंक्चरवाल्या बाबांनी यातलं काही शिकलं नसेल, पण त्यांच्या डोक्यावरचा रुमालही ओलाच होता.

पाणी घालतानाही हात राखून घालावं लागतं. एसी पंपाला पाणी हवं, पण जवळच असलेल्या डेल्कोला थेंब चालत नाही. डेल्कोत हजारो व्होल्टचा प्रवाह चार प्लगांना पाळीपाळीने वाटला जातो, आणि आत ओल गेली की ठिणगी प्लगपर्यंत न जाता वाटेतच फुटते. चार सिलिंडरचं इंजिन तीन हजार फेऱ्यांवर असताना त्यातले पॉइंट सेकंदाला शंभर वेळा उघडतात आणि मिटतात. धुळे ते नरडाणा हा अर्ध्या तासाचा रस्ता धरा, म्हणजे एक लाख ऐंशी हजार वेळा, आणि तेही अर्ध्या मिलिमीटरहून कमी फटीत. उन्हाळ्यात एसी रुसतो, पावसाळ्यात डेल्को. तापलेल्या इंजिनावर बादली ओतायची नाही, हेही आलंच, लोखंड तडकतं. आणि रेडिएटरची टोपी गरम असताना उघडायची नाही. ती कुकरची शिट्टीच आहे, आतलं पाणी दाबाखाली शंभराच्या पुढे गेलेलं असतं.

हिवाळ्यात याच पेट्रोलचा स्वभाव पालटतो. धुळ्याचा पारा डिसेंबर-जानेवारीत कधीकधी सहा अंशांपर्यंत घसरतो. मे महिन्यात नको तिथे उकळणारं पेट्रोल तेव्हा हवं तिथेही उडायला तयार नसतं. मग चोक ओढायचा, म्हणजे कार्बोरेटरची हवा कमी करून पेट्रोलचं प्रमाण वाढवायचं. त्यातलं थोडं तरी उडेल आणि इंजिन पेटेल.

पंप घरी उघडता येतो, हे मला पुढे मामांनीच दाखवलं. ओट्यावर वर्तमानपत्र, एक पेचकस, दोन पाने, पकड. आधी पंपाच्या वरच्या-खालच्या दोन्ही भागांवरून कानशीने एक तिरपी रेघ. मगच स्क्रू सोडायचे, म्हणजे बसवताना रेघेला रेघ जुळवली की काम झालं. जुना पडदा उजेडासमोर ताणून धरायचा. सुईच्या टोकाएवढं भोक असलं तरी चमकतं. असं भोक पडलं की पेट्रोल खाली इंजिन ऑइलमध्ये झिरपतं. म्हणून पंप उघडण्याच्याही आधी मामा डिपस्टिक काढून नाकाला लावायचे. ऑइलला पेट्रोलचा वास आला, की निदान झालं. नवीन पडद्याचं किट बसवल्यावर येणाऱ्या नळीच्या तोंडावर अंगठा ठेवायचा आणि दांडी दाबायची. अंगठा आत ओढला गेला पाहिजे, आणि ती ओढ काही क्षण टिकली पाहिजे. मला ते फार थोर वाटलं. निर्जीव वस्तू अंगठा धरून ठेवते! हे सगळं करताना घरात कुणी विडी पेटवायची नाही, ही ताकीद मामी द्यायच्या.

रस्त्यावरच्या युक्त्यांत शास्त्र लपलेलं असतं, त्याचं आणखी एक उदाहरण. पेट्रोलच्या टाकीला बारीक भोक पडलं तर कपड्यांचा साबण घासून लावतात. साबण पाण्यात विरघळतो पण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, म्हणून बूच टिकतं. रेडिएटर गळू लागला तर हळद टाकतात. तिचे कण भोकाशी जाऊन अडकतात. पण हळद हा गावापर्यंत पोचायचा उपाय. नंतर रेडिएटर धुतला नाही, तर तीच हळद बारीक नळ्या बुजवते आणि गाडीला खरोखरचं ऊन लागतं.

पद्मिनी कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची. कंपनी 1944 साली स्थापन केली ती सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी. गाडी मुळात इटलीची फियाट 1100, इंजिन 1089 सीसी, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. 2001 च्या सुमारास उत्पादन थांबलं आणि 30 ऑक्टोबर 2023 ला मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची काळी-पिवळी पद्मिनी निवृत्त झाली. पुढच्या गाड्यांत पेट्रोलचा पंप टाकीतच गेला, विजेवर चालू लागला. तो ओढत नाही, ढकलतो. वातावरणाच्या तीन-साडेतीन पट दाबाखाली ढकललेलं पेट्रोल नळीत सहजी उकळत नाही. म्हणून आजच्या मुलांना ‘गाडीला ऊन लागलं’ म्हणजे काय, हे समजावून सांगावं लागतं.

ज्यांच्या दारात अजून कार्बोरेटरवाली फियाट, अँबेसेडर किंवा जुनी मारुती 800 उभी आहे, त्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हल्ली पेट्रोलपंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुनं रबर ते सोसत नाही आणि इथेनॉल हवेतली ओलही शोषतं. गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नका, रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा उन्हाळ्याआधी बघून घ्या, किट घेताना इथेनॉल चालणाऱ्या रबराचं मागा. आणि मे महिन्यात नरडाण्यावरून जाणार असाल तर डिकीत पाण्याची एक बाटली आणि एक फडकं टाका. फडकं सुतीच हवं. नायलॉनचं फडकं पाणी धरून ठेवत नाही.