तिसऱ्या फळीचे मोल

बर्फावरच्या हॉकीत गोल करणाऱ्याचा जयजयकार होतो. पण कडेच्या भिंतीशी धक्के खाऊन चकती सोडवणारा, प्रतिपक्षाचे फटके अंगावर घेणारा गडी बहुधा तिसऱ्या-चौथ्या फळीत असतो. त्याचा करार संपला की चालकांपुढे पेच पडतो : ठेवावा की सोडावा?

अमेरिकेतल्या टँपा बे लाइटनिंग संघाचेच पाहा. २०२० व २०२१ साली त्याने स्टॅन्ली करंडक जिंकला, त्यात गूर्द, कोलमन व गुड्रो या तिसऱ्या फळीचा वाटा मोठा. परंतु पगारखर्चावर लीगची मर्यादा! २०२१ मध्येच तिघेही गेले. पुढच्या वर्षी संघ अंतिम फेरीत हरला.

मग त्यांना जाऊ दिले हे चुकले काय? गुड्रोला न्यूयॉर्क रेंजर्सने सहा वर्षांसाठी बांधून घेतले आणि २०२४ मध्ये, करार निम्मा उरला असतानाच, निरोप दिला. धक्के खाणारे शरीर झिजते. करारातला आकडा झिजत नाही. उलट गूर्द २०२५ मध्ये टँपाला परतला आणि पूर्वीच्या निम्म्याहून कमी वार्षिक पगारावर राहिला.

असा गडी जरूर ठेवावा. मात्र कालच्या पराक्रमाचे बक्षीस उद्याच्या पगारातून देऊ नये.