भौतिकोपचाराच्या प्रात्यक्षिक परीक्षेची पुनर्रचना : एक विचार

प्रस्तावना

भौतिकोपचाराची पदवी व आंतरवासिता पूर्ण करून नोंदणी झालेला पदवीधर स्वतंत्रपणे रुग्णांवर उपचार करू लागतो. त्यामुळे अंतिम वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा ही केवळ गुणांची बाब राहत नाही. पुढे त्याच्याकडे येणाऱ्या रुग्णांची सुरक्षितता तिच्यावर अवलंबून असते. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५० च्या दशकात या शिक्षणाची पायाभरणी झाली. १९९८ मध्ये महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची नाशिक येथे स्थापना झाली आणि राज्यातील परीक्षांना एक समान चौकट लाभली. संसदेने २०२१ मध्ये संमत केलेल्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांविषयीच्या अधिनियमात निर्गम अथवा अनुज्ञप्ती परीक्षेची तरतूद आहे. अशा परीक्षेत नेमके काय तपासावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पारंपरिक पद्धतीच्या मर्यादा

दीर्घ रुग्णपरीक्षा, लघु रुग्णपरीक्षा व मौखिक परीक्षा हे पारंपरिक पद्धतीचे तीन घटक होत. संपूर्ण रुग्णाचा विचार करावा लागणे, हा या पद्धतीचा गुण आहे. तथापि एका विद्यार्थ्याच्या वाट्याला पक्षाघाताचा गुंतागुंतीचा रुग्ण येतो, तर दुसऱ्याला आखडलेल्या खांद्याचा. परीक्षकाचे प्रश्नही प्रत्येक वेळी निराळे असतात. परिणामी गुणांमध्ये कौशल्याबरोबर योगायोगाचाही वाटा राहतो.

स्थानकनिहाय परीक्षा

यावर उपाय म्हणून रोनाल्ड हार्डन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये स्कॉटलंडमधील डंडी येथून 'ऑस्की' पद्धती मांडली. तीत सर्व विद्यार्थी ठराविक वेळाने एकेका स्थानकावर जातात आणि सर्वांना समान कार्य व समान गुणतक्ता असतो. अमेरिकेत मणक्याचे सांधे हाताने हाताळणाऱ्या कायरोप्रॅक्टिक व्यवसायाच्या राष्ट्रीय मंडळानेही १९९६ पासून अनुज्ञप्तीसाठी अशी प्रात्यक्षिक परीक्षा घेतली. तंत्राच्या स्थानकावर उमेदवाराने शरीरस्थिती, हाताची जागा व दिशा दाखवायची. मणक्याला प्रत्यक्ष झटका मात्र द्यायचा नाही, असा तिचा दंडक आहे. निरोगी तोतया रुग्णाला इजा होऊ नये, हा त्यामागील हेतू स्पष्ट आहे.

परंतु तंत्राचे अचूक प्रदर्शन म्हणजे सुरक्षित उपचार नव्हे. साकीनाक्याच्या गोदामात ओझी उचलणारा एक तरुण दोन महिन्यांच्या पाठदुखीची तक्रार घेऊन आला आहे, असे स्थानक कल्पावे. ओझी उचलल्यामुळे स्नायू दुखावले असावेत, असे प्रथमदर्शनी वाटते. मात्र विचारल्यावरच तो सांगतो की, संध्याकाळी बारीक ताप येतो, वजन घटले आहे आणि रात्रीही दुखणे थांबत नाही. मणक्याच्या क्षयरोगाची शंका येथे घेतलीच पाहिजे. अशा मणक्यावर जोर दिल्यास मज्जारज्जूला इजा होण्याचा धोका असतो. या स्थानकावर उत्तम हस्तकौशल्य दाखवणारा विद्यार्थी अनुत्तीर्ण, तर हात आवरून रुग्णाला समजेल अशा भाषेत कारण सांगून तत्काळ वैद्याकडे पाठवणारा उत्तीर्ण ठरावयास हवा.

गुणदानाचा प्रश्न

येथेच पुनर्रचनेची खरी कसोटी आहे. सर्व स्थानकांच्या गुणांची केवळ बेरीज केली, तर या स्थानकावरील घोडचूक इतरत्र मिळालेल्या गुणांनी झाकली जाते. म्हणून रुग्णसुरक्षेशी निगडित स्थानकांवर स्वतंत्र उत्तीर्णता अनिवार्य असावी. केवळ गुणतक्त्यावर विसंबल्यास विद्यार्थी प्रश्नांची यादी पाठ करून येतात. त्यासाठी परीक्षकाच्या समग्र अभिप्रायालाही स्थान द्यावे. दीर्घ रुग्णपरीक्षा पूर्णतः रद्द न करता अंतर्गत मूल्यमापनात ठेवावी, म्हणजे रुग्णाचे तुकड्यातुकड्यांत आकलन होण्याचा दोष टळेल.

समारोप

स्थानके, प्रशिक्षित तोतया रुग्ण व परीक्षक यांचा खर्च मोठा असतो. अमेरिकेतील वैद्यकीय अनुज्ञप्तीची अशीच एक परीक्षा २०२० मध्ये साथीमुळे स्थगित झाली व २०२१ मध्ये कायमची बंद करण्यात आली. त्यामुळे महाविद्यालयांनी प्रथम मोजक्या स्थानकांपासून प्रारंभ करणे इष्ट ठरेल. त्या मोजक्या स्थानकांत उपचार केव्हा करू नये, हे तपासणारे एक तरी स्थानक असणे अगत्याचे आहे.