संग्रहालयाच्या मागच्या खोलीतले विद्यार्थी

लग्नाच्या पंगतीत बसले की पानावरची जिलबी दिसते, वाढप्यांची लगबग दिसते. पण पहाटेपासून चुलाण्यापाशी घाम गाळणारा आचारी आणि त्याच्या हाताखाली शिकणारी पोरे काही दिसत नाहीत. कलेच्या संग्रहालयाचेही असेच आहे. आपण तिकीट काढून आत जातो, काचेच्या कपाटातली मूर्ती पाहतो, भिंतीवरचे चित्र पाहतो, खालची चिठ्ठी वाचतो आणि तासा-दोन तासांत बाहेर पडतो. ती मूर्ती कोणी आणली, ती चिठ्ठी कोणी लिहिली, दोनशे वर्षांपूर्वीचे चित्र अजून टिकले कसे, असे प्रश्न आपल्याला सहसा पडत नाहीत. त्यांची उत्तरे मागच्या खोल्यांत असतात. त्या खोल्यांत काय चालते, आणि ते काम शिकण्यासाठी विद्यार्थ्यांना विद्यावेतन देऊन ठेवून घेण्याची रीत का हवी, एवढेच आज सांगायचे आहे.

पहिली गोष्ट म्हणजे, मोठ्या संग्रहालयात आपल्याला दिसतो तो साठ्यातला थोडासा भाग. बाकीचे सारे मागे ठेवणीत असते. तिथे आलेल्या प्रत्येक वस्तूला एक क्रमांक मिळतो. बहुधा त्यात वस्तू आली ते साल आणि त्या सालातला तिचा अनुक्रम असतो. तो क्रमांक वस्तूवर अशा बेताने लिहितात की पुढे गरज पडल्यास पुसता यावा. मग नोंदवहीत वस्तूचे नाव, ती कशाची बनली, मापे, कोणाकडून आली आणि आज कोणत्या अवस्थेत आहे, हे सारे लिहून ठेवतात. कुठे चीर आहे, कुठे रंगाचा पापुद्रा सुटला आहे, हेही टिपायचे. क्रमांक हरवला की वस्तू मुकी झाली असे समजा. सातबारा नसलेल्या जमिनीसारखी तिची गत होते.

नव्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी शिकवतात ते वस्तू उचलायला. तुम्ही म्हणाल, यात शिकायचे ते काय? पण अंगठी, बांगड्या, मनगटावरचे घड्याळ आधी काढून ठेवायचे. वस्तू ठेवायची कुठे ती जागा आधी मोकळी करायची, मगच हात लावायचा. सुरईला मानेने धरायचे नाही, भांड्याला कानाने उचलायचे नाही. एक हात बुडाखाली, दुसरा कुशीला. आसपास शाईचे पेन न्यायचे नाही, टिपणे पेन्सिलीनेच करायची. या साध्या गोष्टी हाताच्या अंगवळणी पडायला महिने लागतात.

त्यानंतर येते हवा आणि उजेड यांची राखण. पावसाळ्यात आपल्या घराचे दार फुगून चौकटीत अडकते आणि उन्हाळ्यात मोकळे होते. लाकडावर काढलेल्या चित्राचेही तसेच होते; लाकूड फुगते, आकसते, आणि वरचा रंग मात्र तितका हलत नाही, म्हणून तो तडकतो. उजेडाचेही तसेच. कागदावरची चित्रे आणि जुनी वस्त्रे साधारण पन्नास लक्स एवढ्याच उजेडात ठेवावीत असा दंडक आहे. लक्स हे उजेडाचे माप. भर दुपारच्या उन्हात ते लाखाच्या घरात जाते. संग्रहालयात अंधार फार, अशी आपण कुरकूर करतो, त्याचे कारण हे. उडालेला रंग परत येत नाही.

आता हे सारे शिकायचे कशासाठी? वस्तूवर प्रेम असले म्हणजे पुरे नाही का? नाही, आणि त्याचा दाखला आपल्याच अजिंठ्याला आहे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन १८७२ ते १८८५ या काळात लेण्यांतील चित्रांच्या नकला केल्या. काम मोठ्या कष्टाचे आणि मोलाचे होते. पण चित्र स्पष्ट दिसावे म्हणून मूळ चित्रावर व्हार्निशचा हात दिला गेला. पुढे १९२० ते १९२२ मध्ये निजाम सरकारने इटलीहून जाणकार आणले. त्यांनी सुटणारे पापुद्रे चिकटवून चित्रे वाचवली खरी, पण वर लाखेचा लेपही दिला. वर्षे लोटली तसे हे लेप पिवळे, मग तपकिरी पडले, त्यांवर धूळ बसली. ते थर काढण्यासाठी पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना वर्षानुवर्षे खपावे लागले. कोणाचाही हेतू वाईट नव्हता. आपण लावलेली गोष्ट पन्नास वर्षांनी कशी वागेल, हे ज्ञान मात्र तेव्हा हाताशी नव्हते.

हे ज्ञान हाताशी यावे म्हणून ज्या ठिकाणी नेटाने खटपट झाली, त्यांत अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे फॉग संग्रहालय अग्रभागी होते. ते १८९५ मध्ये सुरू झाले. १९०९ मध्ये एडवर्ड फोर्ब्ज हे त्याचे संचालक झाले. इटलीतील जुनी चित्रे विकत घेताना त्यांच्या ध्यानात आले की चित्र किती जुने, किती मागाहून रंगवलेले, हे ओळखायला नुसती नजर पुरत नाही. म्हणून त्यांनी जगभरातून रंगद्रव्ये गोळा करायला सुरुवात केली. आज तो साठा अडीच हजारांहून अधिक नमुन्यांचा आहे. त्यात आपल्या देशातून जाणारा 'इंडियन यलो' नावाचा पिवळा रंगही आहे. आंब्याची पाने खाऊ घातलेल्या गाईंच्या मूत्रापासून तो करत, अशी एकोणिसाव्या शतकातील बंगालमधली नोंद आहे.

रंगांचा हा साठा म्हणजे चोर पकडण्याचे साधनच होय. प्रशियन ब्लू हा निळा रंग अठराव्या शतकाच्या आरंभी निघाला. टिटॅनियमचा पांढरा रंग तर विसाव्या शतकातला. सोळाव्या शतकातले म्हणून दाखवलेल्या चित्राच्या मूळ थरात यांपैकी एखादा सापडला, तर चित्र कितीही जुनाट दिसो, विक्रेत्याची लबाडी उघडी पडते.

फोर्ब्जसाहेबांची शिकवण्याची तऱ्हाही न्यारी होती. त्यांच्या वर्गाला मुले थट्टेने 'अंडी आणि चुन्याचा वर्ग' म्हणत. कारण तिथे मुलांनी स्वतः लाकडी फळीवर खळीचा लेप द्यायचा, अंड्याच्या बलकात रंग खलायचा आणि ओल्या चुन्याच्या भिंतीवर जुन्या इटालियन पद्धतीने चित्र काढायचे. जो स्वतः भिंत लिंपतो त्याला भिंत का सुटते ते कळते. शेतीच्या पुस्तकातली नांगरट आणि प्रत्यक्ष नांगरट यांत जे अंतर, तेच इथेही.

त्यांचे सहकारी पॉल सॅक्स हे मुळात पेढीवाले. घरची सावकारी सोडून ते १९१५ मध्ये संग्रहालयात आले. त्यांनी १९२१ च्या सुमारास 'संग्रहालयाचे काम आणि त्यातील प्रश्न' या विषयाचा वर्ग सुरू केला आणि तो १९४८ पर्यंत चालवला. स्वतःच्या घरी मुलांना बसवून ते मौल्यवान वस्तू त्यांच्या हातात देत. वस्तू कशी पारखावी, देणगीदाराशी कसे बोलावे, प्रदर्शन कसे मांडावे, खर्च कसा भागवावा, सारे त्यात येई. त्या वर्गातून निघालेले आल्फ्रेड बार हे १९२९ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाचे पहिले संचालक झाले आणि जेम्स रोरिमर १९५५ मध्ये मेट्रोपॉलिटन संग्रहालयाचे.

पण मला आज विशेष सांगायचे आहे ते जॉर्ज स्टाऊट यांच्याविषयी. त्यांचा जन्म १८९७ सालचा, आयोवा या शेतीप्रधान राज्यातल्या विंटरसेट नावाच्या लहान गावचा. पहिल्या महायुद्धात त्यांनी लष्करी रुग्णालयाच्या पथकात काम केले. कलेच्या अभ्यासासाठी हार्वर्डला जायचे त्यांच्या मनात होते, पण गाठीला पैसा नव्हता. अखेर १९२६ मध्ये कार्नेगी यांच्या नावाची पाठ्यवृत्ती मिळाली आणि मगच ते तिथे जाऊ शकले. लग्न झालेले होते, पाठ्यवृत्तीच्या पैशात संसार जेमतेम भागे. पण तेवढ्या आधारावर ते फॉगच्या मागच्या खोलीत शिरले, आणि तिथेच रमले. पुढे रदरफोर्ड गेटन्स या रसायनज्ञाबरोबर काम करून त्यांनी चित्रांचे जतन हे अंदाजपंचे चालणारे काम न ठेवता त्याला तपासणीचे शास्त्र केले. आधी पाहा, मग राखा, आणि अगदी गरज असेल तेवढीच दुरुस्ती करा, हा त्यांचा क्रम होता.

या माणसाच्या शिक्षणाची परीक्षा दुसऱ्या महायुद्धात झाली. नाझींनी युरोपभरातून लुटलेली चित्रे खाणींत दडवली होती. १९४५ मध्ये ती बाहेर काढण्याच्या कामावर स्टाऊट होते. जर्मनीतील मर्कर्सच्या खाणीतून चित्रे हलवायची तर गुंडाळायला काही नव्हते. त्यांना जर्मन सैन्यासाठी ठेवलेले मेंढीच्या कातड्याचे कोट सापडले. त्यांनी चित्रे त्या कोटांत बांधली! पुढे ऑस्ट्रियातील आल्टाउसे येथील मिठाच्या खाणीतून मायकेलअँजेलोने घडवलेली ब्रूजची माता आणि मूल यांची मूर्ती, व्हॅन आयक बंधूंनी रंगवलेली गेंटची वेदीचित्रे अशा अमोल वस्तू काढण्यातही त्यांचा हात होता. एका गरजू विद्यार्थ्याला वीस वर्षांपूर्वी दिलेले विद्यावेतन असे फळाला आले.

आता या गोष्टीची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ज्यांना अशी मदत मिळाली नाही त्यांचे काय झाले? पुष्कळ ठिकाणी संग्रहालयातली उमेदवारी बिनपगारी असे. 'शिका, अनुभव घ्या, पैशाचे नंतर पाहू.' हे ज्याच्या बापाची ऐपत आहे त्याला परवडते. ज्याला महिनाअखेर घरी चार पैसे पाठवायचे असतात, तो हुशार असला तरी दुसरी नोकरी धरतो. अमेरिकेतील कला-संग्रहालयांची २०१५ मध्ये पाहणी झाली, तेव्हा वस्तूंचे अभिरक्षक, जतनतज्ज्ञ, शिक्षणविभागाचे लोक आणि प्रमुख अधिकारी यांत ८४ टक्के गोरे आणि अवघे ४ टक्के कृष्णवर्णीय आढळले. याला कारणे अनेक असतील, पण फुकटची उमेदवारी हे त्यांतले एक खास. काय जपायचे आणि चिठ्ठीवर काय लिहायचे हे एकाच थरातले लोक ठरवू लागले, तर बाकीच्यांचा वारसा ठेवणीतच राहतो.

म्हणून तिकडे आता पावले पडत आहेत. मेलन प्रतिष्ठानने २०१३ मध्ये लॉस एंजेलिस, शिकागो, अटलांटा, ह्यूस्टन आणि कॅन्सस सिटी या पाच शहरांतील संग्रहालयांत पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी पाठ्यवृत्ती सुरू केली. जे समाज या कामात आजवर फारसे दिसले नाहीत, त्यांतल्या मुलामुलींना शाळेच्या वर्षात आणि उन्हाळी सुट्टीत अभिरक्षकाच्या शेजारी बसवून पगार देऊन शिकवायचे, ही त्यामागची कल्पना. २०१९ मध्ये तर संग्रहालय-संचालकांच्या संघटनेनेच ठराव केला की उमेदवारांना वेतन द्यावे.

आपल्याकडे हा विषय नवा नाही. सयाजीराव महाराजांनी बडोद्याला संग्रहालय उभे केले, आणि त्याच बडोद्याच्या विद्यापीठात १९५२ मध्ये संग्रहालयशास्त्राचा विभाग निघाला. मुंबईला १९२२ मध्ये लोकांसाठी उघडलेल्या, आणि आता छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत चित्रे, वस्त्रे, दगड, धातू यांच्या जतनाचे केंद्र आहे आणि या विषयाचा अभ्यासक्रमही आहे. तिची संग्रहालयाची फिरती गाडी २०१५ पासून शाळांच्या दारी जाते.

गुरुजनांना माझी एक विनंती आहे. तुमच्या वर्गात रसायन आवडणारा एखादा मुलगा असेल, हात स्थिर असलेली, चित्र काढणारी एखादी मुलगी असेल. डॉक्टर आणि मास्तर यांखेरीज असाही एक मार्ग आहे, एवढे त्यांच्या कानावर घाला. विद्यावेतन कुठे मिळते याची चौकशी करून द्या. आणि त्याची सुरुवात गावातच करता येते. एक साधी वही घ्या. गावातील वीरगळ, शिलालेख, वाड्याचे नक्षीदार खांब, घरोघरच्या पोथ्या, ताम्रपट यांची मुलांकडून नोंद करवा. क्रमांक, नाव, कशाचे, लांबी-रुंदी, कोणाच्या ताब्यात, आज काय स्थिती. वस्तू मालकाकडेच राहू द्या, वही शाळेत ठेवा.

आणि करण्याइतकेच काय करायचे नाही तेही शिकवा. ताम्रपट चिंच-राखेने घासू नका. चमक येते, पण अक्षरे झिजतात. कोरीव खांबाला तैलरंग फासू नका. दगडावरची अक्षरे उठावदार दिसावीत म्हणून खडूने, रंगाने भरू नका. पोथ्या उन्हात वाळवू नका. कोरड्या, हवेशीर जागी, भिंतीपासून दूर, वाळवी-कसर पोचणार नाही अशा ठेवा आणि अधूनमधून उघडून पाहा. मोडके असेल तर जाणकार येईपर्यंत तसेच राहू द्या. अजिंठ्याने आपल्याला शिकवलेला धडा तोच आहे.

पुढच्या वेळी संग्रहालयात जाल तेव्हा एखादे बंद दार दिसेल, त्यावर 'आत येण्यास मनाई' अशी पाटी असेल. त्यामागे कोणी विद्यार्थी दिव्याखाली वाकून, हातातल्या पेन्सिलीने एखाद्या भांड्यावरची चीर टिपत बसलेला असेल. तो आपल्याच गावच्या शाळेतून गेलेला असावा, एवढी तजवीज आपल्याला करता आली तर बरे.