नऊ हजार ओव्या आणि नखाएवढे कार्ड

शके 1212, म्हणजे इ. स. 1290 मध्ये आपल्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील नेवासे येथे ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरी सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. ओव्या सुमारे नऊ हजार. मोबाइलच्या मेमरी कार्डात ती किती जागा घेईल बरे?

एका ओवीत सरासरी 80 चिन्हे धरू. (‘का’ म्हणजे दोन चिन्हे, क आणि काना.) संगणकाच्या रूढ पद्धतीत देवनागरीच्या एका चिन्हाला 3 बाइट लागतात. 9000 × 80 × 3 = 21,60,000 बाइट. म्हणजे 128 गिगाबाइटच्या कार्डात ज्ञानेश्वरीच्या 59 हजार प्रती मावतील! आणि कार्ड केवढे? 15 मिलिमीटर लांब, 11 मिलिमीटर रुंद.

कार्डातील चिपमध्ये अब्जावधी सूक्ष्म कप्पे असतात. कप्प्याभोवती विद्युत्‌रोधक थर असतो. जास्त व्होल्टेज लावले की इलेक्ट्रॉन तो थर भेदून आत शिरतात. व्होल्टेज काढले की आतच अडकतात. म्हणून वीज नसतानाही नोंद टिकते. या ‘फ्लॅश’ स्मृतीचा शोध तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी लावला व 1984 मध्ये तो जगापुढे मांडला.

प्रथम एका कप्प्यात एकच बिट ठेवीत: इलेक्ट्रॉन आहेत किंवा नाहीत. पुढे थोडे, जास्त, आणखी जास्त असे 16 टप्पे ओळखून 4 बिट ठेवता येऊ लागले. कप्पे आणखी लहान करणे जड जाऊ लागले, तेव्हा शहरात इमारती चढतात तसे कप्प्यांचे मजले चढवले. आज दोनशेहून अधिक थरांच्या चिप बनतात. पुढील काही वर्षे मजले वाढतच जातील, असे मला वाटते. चुंबकीय स्मृतीही तयार आहे, पण ती महाग आणि धारणेने लहान.

खरी अडचण निराळीच आहे. अडकलेले इलेक्ट्रॉन हळूहळू गळतात, आणि उष्णतेत अधिक वेगाने. दोनच टप्पे असताना थोडी गळती चालून जाई. 16 टप्प्यांत तेवढ्याने एक टप्पा दुसऱ्यासारखा दिसू लागतो. कार्ड जादा बिटांच्या साहाय्याने चुका दुरुस्त करते, पण चुका फार झाल्या की तेही हात टेकते. एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, तो निरनिराळ्या प्रती ताडून. प्रत एकच असती तर ताडणार कशाशी? घरच्या लग्नाचे फोटो असलेले कार्ड पत्र्याच्या छपराखाली वर्षानुवर्षे पडून असेल, तर या उन्हाळ्यापूर्वीच त्याची दुसरी प्रत करून घ्या.